साळवी सावलीत नव्हते

सात वर्षांपूर्वी एका वृत्तवाहिनीच्या प्रतिनिधीपुढे मी एक वाक्य अर्धेच सांगितले. त्याच संध्याकाळी ते दूरचित्रवाणीवर लागले, तेव्हा माझ्या पत्नीने, सुनंदाने, उरलेले अर्धे कुठे गेले असे विचारले. मी म्हणालो, "त्यांनी कापलं असेल." आमच्या घरात परवापर्यंत हाच समज होता. वाहिनीने काहीही कापले नव्हते. ते उरलेले अर्धे मी उच्चारलेच नव्हते.

ते वाक्य ज्यांच्याविषयी होते, त्या दत्ताराम साळवी यांच्याबद्दल मी लिहीत आहे. नाव मी बदलले आहे, त्यांच्या मुलाचेही. मुलाला येथे अमोल म्हणतो. अमोल घरोघरी जाऊन पाणी शुद्ध करण्याची यंत्रे दुरुस्त करीत असे. तीन वर्षांत त्याने बदलापूर आणि उल्हासनगर येथे एकट्या राहणाऱ्या तीन वृद्ध स्त्रियांचा जीव घेतला. तिन्ही घरांतील एक वस्तूही हललेली नव्हती. तिन्ही ओट्यांवर चहाचे दोन कप होते. चोरी झाली असती तर लोकांना कारण मिळाले असते आणि ते गप्प बसले असते. कारण मिळेना, म्हणून सगळे ते शोधू लागले. कोणी म्हणे, रक्तातच असणार. कोणी म्हणे, घरात काहीतरी घडल्याशिवाय असे होत नाही. त्या शोधात मीही होतो, आणि माझी घाई इतरांहून अधिक होती.

तथापि साळवींची ओळख त्यांच्या मुलापासून सुरू करणे हा त्यांच्यावर आणखी एक अन्याय होईल. अमोलच्या जन्माच्या आधीपासून मी त्यांना ओळखतो.

अंबरनाथमधील मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी तेविसाव्या वर्षी तपासणी विभागात लागलो. साळवी तेथे तपासनीस होते, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. बुटके, काटक, शर्टाच्या खिशाला कायम भिंग लावलेले. लोखंडाचे ओतीव भाग, ज्यांना आम्ही कास्टिंग म्हणत असू, उल्हासनगरच्या एका ओतशाळेतून येत. साळवी प्रत्येक कास्टिंग उचलून नखाने टिचकी मारीत आणि मान कलती करून ऐकत. निर्दोष तुकडा बराच वेळ वाजतो. आत भेग असली की आवाज लगेच मरतो. पुढे ही त्यांची सवयच होऊन बसली. चहाचा कप, डब्याचे झाकण, बाजारातले कलिंगड, काहीही हातात आले की आधी टिचकी.

माझ्या लग्नासाठी पिण्याच्या पाण्याचा हंडा घ्यायला ते माझ्याबरोबर उल्हासनगरच्या भांडीबाजारात आले होते. सात हंडे त्यांनी टिचकी मारून बाजूला ठेवले. दुकानदार सिंधी होता, आधी हसत होता, मग त्याचे हसू आटले.

"साईं, भांडं घ्यायला आला की तबला?"

"तबला असता तर एवढा वेळ लागला नसता," साळवी म्हणाले.

दुकानदार माझ्याकडे वळला. "या साहेबांनी लग्नात नवरीला पण टिचकी मारून पाहिली होती काय?"

साळवींनी आठवा हंडा कानाशी धरला होता. ते शांतपणे म्हणाले, "तिने मला मारली होती. पास केलं."

तो हंडा अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे.

कारखान्यात तुकडा नापास झाला की एक छापील चिठ्ठी भरावी लागे. तिच्यावर कारणाच्या दोनच चौकटी होत्या, 'माल' आणि 'काम'. लोखंड मुळातच सदोष आले असेल तर 'माल', आणि आमच्या यंत्रावर किंवा भट्टीत बिघडले असेल तर 'काम'. कोणत्या चौकटीत खूण होते यावर दोष कोणाच्या माथी जाणार हे ठरे, त्यामुळे चिठ्ठी भरताना साळवींच्या टेबलाभोवती नेहमी गर्दी असे. ओतशाळेचे हरीशभाई एका बाजूला, आमचे फोरमन म्हात्रे दुसऱ्या बाजूला.

"साळवीसाब, अपना माल एकदम चोखा," हरीशभाई म्हणत. "तुमच्या पोरांनी घाई केली. 'काम' वर टिक मारा ना, क्या फरक पडता है."

"ए, माझ्या पोरांचं नाव नाय घ्यायचं," म्हात्रे म्हणत. ते मोरिवली गावातलेच, आवाज वावरातला. "साळवी, तू 'काम' लिव, मग बघ. उद्यापासून तुझ्या चहात ऑइल."

"चहा बदलेल," साळवी म्हणत. "तुकडा कसा बदलेल?"

मग ते तुकडा करवतीवर कापून घेत, कापलेला भाग घासून चकचकीत करीत आणि भिंगाखाली बघत बसत. बहुतेक वेळा कारण सापडे. काही वेळा मात्र सापडत नसे. अशा वेळी साळवी चिठ्ठीवर पट्टीने तिसरी चौकट आखीत आणि तिच्यात सुवाच्य अक्षरात लिहीत, 'माहीत नाही'.

व्यवस्थापकांनी एकदा ती चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. "साळवी, छापील फॉर्मवर तुम्ही स्वतःची चौकट काढता?"

"जागा कमी पडली, साहेब."

"मी वर काय सांगू? तपासनीसाला माहीत नाही?"

"हो. तसंच सांगा."

मी त्यांना नंतर विचारले की एक खूण करून मोकळे व्हायला काय हरकत होती. ते म्हणाले, "पाटकर, एका भट्टीतून, एकाच वेळी ओतलेले दोन तुकडे. एकाच यंत्रावर, एकाच माणसाने केलेले. एक वीस वर्षं चालतो. दुसरा पहिल्या दिवशी तडकतो. मी कापून बघतो, दोन्ही आतून सारखे. आता मी काय लिहू?" त्यांच्या स्वरात खंत नव्हती. 'माहीत नाही' हे शब्द मी इतक्या सहजपणे दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकले नाहीत. मला स्वतःला ते कधीच जमले नाहीत.

आम्ही बुवापाड्यात एकाच इमारतीत राहत होतो. ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही पहिल्या. त्यांना अमोल उशिरा झाला, आणि आमचा केदार त्याच वर्षी जन्मला. दोघे एका बाकावर शिकले, एकमेकांच्या घरी जेवले. साळवींचा मुलावर फार जीव होता, पण तो बोलण्यातून दिसत नसे. अमोलने काही विचारले की ते हातातले काम खाली ठेवून उत्तर देत, आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगत. घरात मोठा आवाज नव्हता. मारणे तर नव्हतेच. इमारतीतल्या बाकी सर्व घरांतून मुलांना बदडल्याचे आवाज येत, माझ्या घरातूनही.

मुले दहा वर्षांची असतानाची, मे महिन्यातली एक गोष्ट आहे. इमारतीतल्या कुत्रीचे एक तपकिरी पिल्लू गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पायाला बांधलेले सापडले. सकाळी दहाला बांधले होते, संध्याकाळी सापडले. ते मेलेले होते. त्या संध्याकाळी केदार जेवला नाही. फार विचारल्यावर म्हणाला, "अमोल बोलला, किती वेळ जगतं ते बघू. मग आम्ही खाली खेळायला गेलो आणि विसरलो." पिल्लाच्या गळ्यातली निळी नायलॉनची दोरी आमच्या घरातली होती.

मी केदारला काहीही केले नाही. तेव्हा मला ते शहाणपण वाटले. मी त्याला आइस्क्रीम आणून दिले, आणि कोणापाशी बोलायचे नाही असे बजावले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी सुमनवहिनी, म्हणजे साळवींच्या पत्नी, आमच्या दारात आल्या. "भाऊजी, ह्यांना गच्चीवरून खाली बोलवा हो. बारापासून उन्हात उभे आहेत. माझं ऐकत नाहीत."

मी वर गेलो. टाकीपाशी दोघे शेजारी शेजारी उभे होते, बाप आणि मुलगा, दोघेही बोडक्या डोक्याने. गच्चीवर पाय ठेववत नव्हता. साळवींचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"साळवीसाहेब, दीड वाजला. वहिनी बोलावतायत."

"दोनला येतो." ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "याला विचारलं, पिल्लाला किती त्रास झाला असेल. म्हणाला, माहीत नाही. म्हटलं, चल, बघू या."

"पोराला तरी जाऊ द्या."

"मी त्याला तीनदा सांगितलं, खाली जा. तो जात नाही."

अमोल आपल्या बापाच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होता. दर थोड्या वेळाने विचारीत होता, "बाबा, आता कसं वाटतंय?"

"डोकं दुखतंय."

काही मिनिटे गेली. "आता?"

"डोळ्यांपुढे अंधारी येतेय."

"आता?"

साळवी प्रत्येक वेळी खरे उत्तर देत होते. दोन वाजता ते भिंतीला धरून खाली बसले. अमोल धावत खाली गेला आणि तांब्याभर पाणी घेऊन आला, स्वतः न पिता त्याने तो बापाच्या ओठांना लावला. माझे डोळे भरून आले. मुलाच्या त्या विचारण्यात मला तेव्हा केवळ माया ऐकू आली होती. आज मी ते शब्द पुन्हा पुन्हा आठवतो आणि मला ठरवता येत नाही.

खाली उतरताना साळवींनी मला विचारले, "केदार घरी आहे का?"

"मामाकडे गेलाय," मी म्हणालो. केदार आतल्या खोलीत कार्टून पाहत होता आणि त्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता.

साळवींनी आवाजाच्या दिशेने मान कलती केली. मग म्हणाले, "बरं." त्यानंतर त्या दिवसाविषयी ते माझ्याशी कधीही बोलले नाहीत. पिल्लाच्या प्रकरणात दुसरा मुलगाही होता हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही.

अमोलला अटक झाली तेव्हा साळवी निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. बुवापाड्याच्या त्या अरुंद रस्त्यावर वाहिन्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या. साळवींचे दार बंद होते. त्या दिवशी सकाळी केदारचा फोन आला होता. तो पुण्याला नुकताच नोकरीला लागला होता. तो एवढेच म्हणाला होता, "बाबा, मी त्याच्या शेजारी दहा वर्षं बसलो."  संध्याकाळी सुनंदाने विचारले, "आपण काय वेगळं केलं हो? त्यांनी काय केलं, जे आपण केलं नाही?"

हा प्रश्न डोक्यात घेऊन मी दूध आणायला उतरलो आणि फाटकापाशी एका तरुण प्रतिनिधीने मला गाठले.

"काका, तुम्ही जवळून ओळखता ना? घरचं वातावरण कसं होतं?"

"चेहरा दाखवू नका," मी म्हणालो.

"नाही दाखवणार. बोला."

मला उत्तर हवे होते, त्याच्यासाठी नव्हे, सुनंदासाठी आणि स्वतःसाठी. त्यांनी केलेली, आम्ही न केलेली अशी एक तरी गोष्ट मला हवी होती. ती होतीच. मी म्हणालो, "वडील कडक होते. एकदा मे महिन्यात भर दुपारी दोन तास मुलगा गच्चीवर उन्हात उभा होता. डोक्यावर काही नाही."

"वडिलांनी उभं केलं होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"तेव्हा केवढा होता?"

"दहा वर्षांचा."

पुढचे वाक्य माझ्या ओठांवर आले होते, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. प्रतिनिधीने माइक काढून घेतला नव्हता. तो वाट पाहत होता. मी दुधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि वर निघून आलो.

रात्रीच्या बातम्यांत माझी धूसर आकृती आणि माझाच स्वच्छ आवाज होता. खालच्या पट्टीवर लिहिले होते की बापानेच मुलाला असे घडवले. आठवड्याभरात अंबरनाथमध्ये ती गोष्ट सर्वांना पाठ झाली, आणि प्रत्येक तोंडी ती वाढत गेली. पट्टा आला, कोंडून ठेवणे आले, चटके आले. लोकांना हायसे वाटत होते, हे मला दिसत होते. जे आपल्या घरात घडले नाही, त्याचा परिणामही आपल्या घरात होणार नाही, असा तो हिशेब होता.

साळवी या काळात अत्यंत कमी बोलत. पण एकदा किराणा दुकानात कोणी 'त्या तीन म्हाताऱ्या' असे म्हणाले, तेव्हा ते वळून म्हणाले, "नावं आहेत त्यांना. शांताबाई, लीलाबाई, मोहिनीआंटी."  मोहिनीआंटींच्या मुलीला भेटायला ते उल्हासनगरला गेले होते. तिने दार उघडले नाही. ते जिन्यात अर्धा तास उभे राहून परत आले, आणि ते योग्यच झाले असे मला म्हणाले.

खटल्यात अमोलने सर्व कबूल केले होते. का केले, या प्रश्नावर त्याने न्यायालयात उत्तर दिले, "माहीत नाही." हे ऐकून गर्दीत कोणीतरी हसले. मी साळवींच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी डोळे मिटून घेतले.

शिक्षा सुनावली जाण्याआधी एका सकाळी ते माझ्या दारात आले. "उल्हासनगरला वकिलांकडे जायचंय. येता का, पाटकर?" दुसरे कोणी त्यांच्याबरोबर जात नव्हते. मी गेलो.

वकील तरुण बाई होत्या, विनामूल्य खटले चालवणाऱ्यांपैकी. कचेरी एका कापडदुकानाच्या वर होती. त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले, "साळवीकाका, फाशी टाळायची असेल तर त्याच्या लहानपणाबद्दल काहीतरी मांडावं लागेल. छळ झाला असेल तर न्यायालय ते विचारात घेतं. तुम्हाला अवघड जाईल, पण हे ऐका." आणि त्यांनी मोबाइलवर ती चित्रफीत लावली.

त्या लहान खोलीत माझा आवाज घुमला. वडील कडक होते. भर दुपारी दोन तास. मी मान खाली घातली. आवाज ओळखला जाईल म्हणून मी आत आल्यापासून एक शब्दही बोललो नव्हतो, आणि पुढेही बोललो नाही. साळवींनी माझ्याकडे पाहिले नाही. ज्या माणसाला टिचकीच्या आवाजावरून लोखंडातली भेग कळत असे, त्याला जवळजवळ तीस वर्षे ओळखीच्या शेजाऱ्याचा आवाज कळला नसेल हे संभवत नाही.

"हे खरं आहे?" बाईंनी विचारले. "मी खोटं लिहून देणार नाही, काका. जे झालं तेच सांगा."

"उन्हात उभा होता. हे खरं आहे."

"दोन तास?"

"दोन तास."

"टोपी, रुमाल काही?"

"नाही."

बाई लिहीत होत्या. मग त्यांनी पेन थांबवून विचारले, "आणि तुम्ही तेव्हा कुठे होता?"

खाली रस्त्यावर कोणीतरी गाठोडी उतरवीत होते. साळवींनी हात मांडीवर ठेवले होते. मी मनात म्हणत होतो की आता ते सांगतील, आता माझे अर्धे वाक्य पूर्ण होईल आणि हा कागद निरुपयोगी ठरेल.

"सावलीत," साळवी म्हणाले.

"सावलीत बसून बघत होता?"

"हो. तो खाली येतो म्हणत होता. मी येऊ दिलं नाही."

जो माणूस चिठ्ठीवर ठाऊक नसलेले कारण कधीही लिहीत नसे, त्याने ते प्रतिज्ञापत्र दोनदा वाचले, एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करून घेतली आणि खाली सही केली. दोष कोणाच्या माथी जावा हे त्यांनी ठरवून टाकले होते. परतताना रिक्षात ते एकच वाक्य बोलले. "तुमच्या वहिनींना तुम्ही सांगू नका. मी सांगतो."

अमोलला जन्मठेप झाली. बालपणीच्या क्रूर वागणुकीचा निकालपत्रात उल्लेख होता.

सुमनवहिनींच्या भावाने त्यानंतर येणे बंद केले. भाजीवाली त्यांना पिशवी हातात न देता ओट्यावर ठेवू लागली. एकदा त्या सुनंदापाशी बसून म्हणाल्या, "ह्यांनी त्याला एकदासुद्धा हात लावला नाही हो, ताई. पण आता ते बोलायची सोय नाही. बोललं तर पोर जाईल." मी आतल्या खोलीत होतो. त्या माझ्या आवाजाविषयी काही बोलल्या नाहीत. तीन वर्षांनी त्या गेल्या. अंत्ययात्रेला इमारतीतली चार माणसे होती. साळवींनी मग बुवापाड्याची जागा सोडली आणि ते बदलापूरला एका भाड्याच्या खोलीत राहायला गेले.

मी एवढी वर्षे गप्प का राहिलो, याचे माझ्याजवळ एक भक्कम उत्तर होते. खरे सांगितले तर प्रतिज्ञापत्र खोटे ठरेल आणि अमोलच्या जिवाला धोका होईल. सुमनवहिनींचेच शब्द मी माझ्यासाठी वापरत होतो. गेल्या वर्षी अमोल तुरुंगातच आजाराने वारला. ती बातमी आली त्या दिवशी मला कळले की माझे उत्तर संपले आहे. तरीही मी आणखी दहा महिने गेलो नाही. त्या दहा महिन्यांचे कारण मला शोधावे लागले नाही, ते मला ठाऊक आहे.

परवा मी प्रथम केदारला फोन केला. तो आता एका मुलीचा बाप आहे, हळवा आहे, तिला ताप आला की रात्रभर उशाशी बसतो. मी त्याला पिल्लाची आठवण करून दिली. 

"दोरी मीच आणली होती, बाबा," तो म्हणाला. "गाठसुद्धा मीच मारली. अमोलला येत नव्हती."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही आइस्क्रीम आणलंत. मी वाट बघत होतो की तुम्ही काहीतरी विचाराल."

एक पिल्लू, एक दोरी, दोन मुले. ज्याला बापाने विचारले त्याने पुढे तीन जीव घेतले, ज्याला मी काही विचारले नाही तो आपल्या मुलीच्या उशाशी जागतो. कोणी मला याचा अर्थ विचारला तर मला सांगता येणार नाही. सात वर्षांपूर्वी फाटकापाशी हेच सांगणे शक्य होते.

मग मी सुनंदाला सांगितले की वाहिनीने काही कापले नव्हते. ती भाजी चिरत होती. तिने विळी आडवी केली आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? तिकडे जा."

बदलापूरला साळवींची खोली एका पिठाच्या गिरणीला लागून आहे. मी सकाळी अकराच्या सुमारास पोहोचलो. ते दारापुढे स्टुलावर बसून परातीत गहू निवडत होते. केस पूर्ण पांढरे झाले आहेत, खिशाला भिंग नाही. गिरणीपुढे पाच-सहा बायका डबे घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "काका, मी जरा दूध घेऊन येते, माझा नंबर बघा हं," आणि त्यांनी मान हलवली. या वस्तीत त्यांना कोणी ओळखत नसावे. ते येथे फक्त काका होते.

"या, पाटकर," ते म्हणाले. जणू मी मागच्या आठवड्यातही आलो होतो. त्यांनी शेजारचा डबा पुढे सरकवला आणि मी त्यावर बसलो.

मी बोलायला सुरुवात केली. माझा आवाज मुळातच लहान. गिरणी चालू होती, पट्टा फडफडत होता. मी दोन वाक्ये बोललो असेन.

"ऐकू येत नाही," साळवी म्हणाले. "मोठ्यानं बोला."

"आत बसू या का?"

"आत कशाला?"

"लोक आहेत इथे."

त्यांनी परातीतला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, आणि मला सोडवण्याची घाईही नव्हती. "वाहिनीवर तर साऱ्यांना ऐकू गेलं होतं," ते म्हणाले. "बोला."

मी उठून उभा राहिलो. बायका बोलायच्या थांबल्या. उभ्या आयुष्यात मी ज्या आवाजात बोललो नव्हतो त्या आवाजात मी म्हणालो,

"साळवीसाहेब, तुम्ही सावलीत नव्हता. तुम्ही पोराच्या शेजारी उन्हात उभे होता, दोन तास. त्याला तुम्ही खाली जायला सांगितलं होतं. मी समोर होतो, मी पाहिलं होतं, आणि मी ते सांगितलं नाही. माझा केदार त्या दिवशी घरातच होता. मला क्षमा करा."